ल्हासा ते गोठणगाव

घरदार, शेती आणि गुरेढोरे मागे ठेवून, पाठीवर मावेल तेवढ्याच सामानानिशी देश सोडलेल्या माणसांची एक वसाहत गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव परिसरात आहे. नोर्ग्येलिंग हे तिचे नाव. १७ मार्च १९५९ च्या रात्री तिबेटचे धर्मगुरू दलाई लामा राजधानी ल्हासाहून निघाले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारतात पोचले, तेव्हा त्यांच्यामागून सुमारे ८० हजार तिबेटी हिमालयाच्या खिंडी ओलांडून, बहुतांशी पायीच, आश्रयाला आले. त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या सातूचे पीठ, हा तिबेटी प्रवाशाचा पिढीजात शिधा होय, कारण ते नुसत्या पाण्यात कालवूनही खाता येते आणि ओझ्याला हलके असते.

स्वेच्छेने भटकंतीस निघालेल्या प्रवाशाला परतीचे दार उघडे असते. या तिबेटींना ते नव्हते, आणि म्हणूनच जिल्ह्याच्या इतिहासात या प्रवासाला मानाचे स्थान मिळायला हवे. १९७२ मध्ये ही वसाहत स्थापन झाली, तेव्हा थंड, कोरड्या पठारावर याक, म्हणजे केसाळ पहाडी गुरे, पाळणाऱ्या आणि सातू पिकवणाऱ्या या लोकांना झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलव्याप्त धानपट्ट्यात, कडक उन्हाळा आणि मुसळधार पाऊस सोसत शेती नव्याने शिकावी लागली. पुढे हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी कपडे विकणे हा भारतातील तिबेटी कुटुंबांचा मोठा आधार झाला, आणि त्यासाठी दरवर्षी काही महिने पुन्हा घर सोडणे आले.