‘तो काही करत नाही’

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीचा निरोप आला, "बाई, पंधरा मिनिटं बोला." विषय काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "विषय कसला, बंड्या!" पंचवीस वर्षं मी या इमारतीत राहते. त्यातली पाच वर्षं सोसायटीचे हिशेब लिहिले, पाण्यासाठी महापालिकेत चकरा मारल्या. पण आज माझी ओळख काय, तर ‘बंड्याची आई’. पार्किंगमध्ये खेळणारी मुलं तर मला ‘बंड्याआजी’च म्हणतात. हरकत नाही. त्या निमित्ताने एक जुनी गोष्ट सगळ्यांसमोर बोलता येईल. ज्यांच्याबद्दल ती आहे त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी इथे पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते आहे.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगते. बंड्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर. पुढच्या महिन्यात दहा वर्षांचा होईल. ऐन भरात त्याचं वजन चौतीस किलो होतं. आमच्या लेकीने बारावीच्या सुट्टीत हट्ट करून आणला तेव्हा दीड महिन्याचा होता, माझ्या ओंजळीत मावला होता. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्यावं, हे मला नंतर कळलं. भावंडांशी खेळताना कुठवर चावायचं हे ते तिथेच शिकतं. आमच्याकडे तो धडा माझ्या हातांवर झाला.

मी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. एकेका वर्गात साठ-साठ मुलं. तेव्हा एक कुत्र्याचं पिल्लू काय, सहज वळण लावू, अशी माझी पक्की समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात मोडली. दर दोन तासांनी फरशी पुसणं चालू झालं. पिल्लाला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं असतं, आणि बाहेर ‘झालं’ की त्याच क्षणी शाबासकी द्यायची असते. आम्ही मात्र घरात झाल्यावर ओरडायचो. त्यातून तो एवढंच शिकला की माणसांच्या देखत करायचं नाही, सोफ्यामागे जाऊन करायचं!

मग चपला. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या चपला त्या वर्षी आमच्या दारात सापडल्या. या जातीचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली काम करायचे, थंडगार पाण्यात उडी मारून जाळी आणि मासे ओढून आणायचे. पुढे इंग्लंडमध्ये शिकारीतले पक्षी अलगद तोंडात धरून आणायला त्यांना तयार केलं. म्हणजे वस्तू उचलून मालकाला आणून देणं हे बंड्याच्या रक्तातच. त्याच्या हिशेबी तो चोरी करत नव्हता, ड्यूटी करत होता. त्याच्या मागे धावलो की त्याला तो खेळ वाटायचा. पुढे ‘सोड’ शिकवलं ते अदलाबदलीने. चप्पल सोडली की बदल्यात गाजराचा तुकडा.

हे सगळं हसण्यावारी गेलं. इमारतीतल्या लोकांनी सांभाळून घेतलं, आणि मीही तेवढ्यावरच थांबले. कोणी बंड्याला बघून अंग चोरलं, भिंतीला चिकटलं, की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. "अहो, घाबरू नका. तो काही करत नाही."

बंड्या चौदा महिन्यांचा असतानाची गोष्ट. सकाळची वेळ. मी त्याला फिरवून आणलं. पट्टा होता, पण हातात सैल. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आतून आजी बाहेर आल्या, हातात पूजेच्या फुलांची परडी. बंड्याला त्या ओळखीच्या. त्याला आनंद झाला. आनंद झाला की तो जे करायचा तेच त्याने केलं. दोन्ही पुढचे पाय त्यांच्या खांद्यांवर. बत्तीस किलोचं धूड ते. आजी मागे पडल्या, पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं.

मंडळी, त्या जमिनीवर पडलेल्या असताना, फुलं सगळीकडे पसरलेली असताना, माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं माहीत आहे? "घाबरू नका, तो काही करत नाही."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

प्लास्टरचा खर्च आम्ही दिला. पण पैशाने तेवढंच फिटलं. सहा आठवडे त्यांना स्वतःची वेणी घालता येत नव्हती, साडी नेसायला सुनेला हाक मारावी लागत होती. कधी कोणाचं काही करून न घेतलेली ही बाई. प्लास्टर निघाल्यावरही त्या एकट्या लिफ्टने यायच्या बंद झाल्या. आधी जिन्यातून वाकून बघायच्या, बंड्या नाही ना.

विशेष सभेची नोटीस निघाली. विषय, ‘सभासदांच्या पाळीव प्राण्यांबाबत’. मला राग आला होता. मीही तयारी केली. भारतीय प्राणी कल्याण मंडळाची 2015 सालची मार्गदर्शक तत्त्वं छापून आणली. सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. त्या ओळींखाली मी लाल पेनने रेघा मारल्या. सवयच ती. आमच्या ह्यांनी तो कागद वाचला आणि एवढंच म्हणाले, "कायदा आपल्या बाजूने आहे. पण हात त्यांचा मोडलाय."

मी तो कागद घरीच ठेवून सभेला आले. उभी राहून माफी मागितली आणि तीन महिन्यांची मुदत मागितली. तोवर लिफ्ट वापरणार नाही असं स्वतःहून सांगितलं. तुम्ही ती मुदत दिलीत. आजींच्या मुलानेही हात वर केला, हे मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी एक प्रशिक्षक बोलावला. तरुण मुलगा होता. मला वाटलं, हा बंड्याला तास-तासभर मैदानात नेऊन शिकवून परत आणून देईल. तो आधी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये घेऊन बसला आणि विचारलं, "हा अंगावर उडी मारतो तेव्हा घरातलं कोण काय करतं?" मी म्हटलं, मी ओरडते आणि दोन्ही हातांनी ढकलते. हे म्हणाले, मी थोपटतो. मुलगा म्हणाला, मी कुस्ती खेळतो. सासूबाई म्हणाल्या, मी पोळीचा तुकडा देते म्हणजे शांत होतो बिचारा. तो मुलगा हसला. "म्हणजे चौघांनीही बक्षीसच दिलं की!" ओरडणं, ढकलणं हेही कुत्र्याला लक्ष दिल्यासारखंच वाटतं. उडी मारली की घर आपल्याकडे बघतं, हे आम्हीच त्याला चौदा महिने शिकवलं होतं.

मग त्याने विचारलं, बसायला सांगताना काय म्हणता? मी ‘बस’, लेक ‘सिट’, सासूबाई ‘बस रे राजा’, आणि हे म्हणायचे ‘ए, खाली!’ आता ‘खाली’ म्हणजे बंड्याच्या लेखी खाली फिरायला जायचं. हे ‘खाली’ म्हणाले की तो बसण्याऐवजी दाराशी जाऊन उभा! आणि आम्ही म्हणायचो, ऐकत नाही, हट्टी आहे.

त्या संध्याकाळी फ्रिजवर एक कागद चिकटवला. सहा शब्द. बस, थांब, ये, सोड, चल, जागेवर. घरातल्या प्रत्येकाने तेच शब्द वापरायचे, एकदाच म्हणायचे, आणि बंड्याने केलं की लगेच, त्याच क्षणी शाबासकी. फुटाण्याएवढा पनीरचा तुकडा पुरतो. उशिरा दिलं तर कशाबद्दल दिलं हे त्याला कळत नाही. उडी मारली तर पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचं नाही. चारही पाय जमिनीवर आले की मगच हात लावायचा. शिकवणी दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटांची. पस्तीस मिनिटांचा तास घेणाऱ्या बाईला हे जड गेलं.

सगळ्यात अवघड गेलं ते सासूबाईंना. पंचाहत्तरीच्या बाईला पोळीचा तुकडा हातात धरून थांबायला शिकवायचं! पण बंड्या सगळ्यात आधी त्यांचंच ऐकायला लागला. त्या कधी आवाज चढवत नसत, आणि ठरलेलं कधी मोडत नसत.

घरात जमलं तरी लिफ्टसमोर जमेना. कुत्रा स्वयंपाकघरात ‘बस’ शिकला म्हणजे तळमजल्यावर त्याला ते येतंच असं नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. त्या वेळी या इमारतीतली मुलं कामाला आली. रोज संध्याकाळी एकेक जण काठी आणि भाजीची पिशवी घेऊन, पाठीत वाकून, ‘आजी’ होऊन लिफ्टमधून बाहेर यायचा. मी पट्टा धरून चार पावलं लांब. सुरुवातीला बंड्या दर वेळी नापास. मग दहातून तीनदा बसला. मग सात वेळा. अडीच महिन्यांनी एके दिवशी दहाच्या दहा वेळा बसून राहिला. शेपटी मात्र फरशी झाडत होती. त्या नाटकातली दोन मुलं आज इंजिनिअर आहेत, मागे उभी राहून हसताहेत.

मुदत संपायच्या आधी मी आजींच्या दारी गेले. म्हटलं, तुम्ही दार उघडून आत खुर्चीवर बसा, सेफ्टी डोअर लावलेलं असू दे. आम्ही फक्त जिन्यावरून जातो. त्या बसल्या. बंड्या त्यांच्या दारासमोर बसला, मी ‘चल’ म्हटल्यावर उठला आणि गेला. असं पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी आतून त्यांनीच हळूच म्हटलं, "बस." बंड्या बसला. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून लिफ्टने यायला लागल्या.

यावरून त्यांना कुत्रे आवडायला लागले असं कोणी समजू नका. त्यांना आजही आवडत नाहीत. बंड्याला त्यांनी कधी हात लावलेला नाही. आणि तो त्यांचा हक्क आहे. कुत्रा मी आणला, त्यांनी नव्हता आणला. जिना मात्र दोघींचा.

आता आपल्या दोन्ही विंगमध्ये मिळून सात कुत्रे आहेत, आणखी एक-दोन घरांत मुलांचे हट्ट चालू आहेत असं ऐकते. त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पिल्लू साधारण चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जे बघतं, ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर घेऊन लिफ्ट, कुकरची शिट्टी, काठीवाले आजोबा, हेल्मेट घातलेला कुरिअरवाला, सगळं दाखवा. लसी डॉक्टर सांगतील तशा वेळेवर द्या. रेबीजची तर दर वर्षी न चुकता. महापालिकेचा परवाना काढा.

मोठ्या कुत्र्याला फ्लॅट चालतो, पण रोज तासभर तरी फिरवावं लागतं. उन्हाळ्यात पहाटे आणि अंधार पडल्यावर. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणार.

कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विषासारखे. म्हणून कांदेपोहे नकोत आणि सत्यनारायणाचा शिराही नको. प्रसाद म्हणून प्रेमाने देता, पण त्यात बेदाणे असतात. लॅब्रॅडॉर तर सदाच भुकेला. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांत, साधारण चारांतल्या एकात, भुकेशी संबंधित एका जनुकात बिघाड असतो. त्याच्या डोळ्यांकडे बघून वाढू नका, वाटी मोजून वाढा.

आणि पिशवी खिशात ठेवा. आपल्या कुत्र्याचं आपण उचलायचं. सफाईच्या मावशींचं ते काम नाही.

बंड्याचे मागचे पाय आता दुखतात. गुळगुळीत फरशीवर घसरतो, म्हणून आम्ही घरभर सतरंज्या टाकल्या आहेत. जिना तर त्याला चढवतच नाही. गेल्या महिन्यात संध्याकाळी आम्ही लिफ्टजवळ आलो तेव्हा आत आजी होत्या, आणि चौथ्या मजल्यावर नव्याने आलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. बंड्याला बघून ती आजींच्या पदराआड गेली. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "तुम्ही जा, आम्ही मागून येतो." आजींनी लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं. त्याच हाताने. म्हणाल्या, "या आत. म्हाताऱ्याला किती वेळ उभा करता?" आणि त्या मुलीकडे वाकून म्हणाल्या, "घाबरू नको गं. तो काही करत नाही."

मी नऊ वर्षांत ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलेलं नाही. ते म्हणायचं की नाही, हे शेजाऱ्यांनी ठरवायचं असतं.