एंटर दाबण्याआधी परतीची वाट: लांबच्या स्विचवर पोर्ट बदलताना

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

मागच्या भागात आपण व्हीलॅन आणि ट्रंक बघितले. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "कमांड पाठ आहेत, लॅबमध्ये सगळं चालतं, पण क्लायंटच्या चालू स्विचवर हात घालायला भीती वाटते. काय करू?"

वाटू दे की भीती. ती वाटायलाच हवी. फक्त तिचं काहीतरी करायला हवं, आणि आज तेच बोलायचंय. स्विच किंवा राउटर आपल्यापासून दीडशे-दोनशे किलोमीटरवर आहे, आपण एसएसएचने आत शिरलोय, आणि त्याच्या एखाद्या इंटरफेसचं कॉन्फिगरेशन बदलायचंय. काय काय बघायचं, कुठल्या क्रमाने करायचं? उदाहरणं मुख्यतः सिस्को आयओएसची देतो, कारण आपल्याकडे बहुतेकांचा हात तिथेच बसलेला असतो. इतर कंपन्यांचंही मध्ये मध्ये सांगेन.

एंटर म्हणजे लगेच

पहिली गोष्ट. आयओएसमध्ये कॉन्फिग मोडमध्ये जाऊन तुम्ही एक ओळ लिहिली आणि एंटर दाबलं, की ती त्या क्षणी लागू होते. पुढच्या ओळीची वाट बघत नाही. तुमच्या डोक्यात चार ओळींचा बदल असतो, स्विच मात्र पहिल्याच ओळीवर कामाला लागतो. आता त्या पहिल्या ओळीनेच तुमचं सेशन तुटलं, तर उरलेल्या तीन ओळी तुमच्या नोटपॅडमध्येच राहतात.

साधं उदाहरण. राउटरच्या ज्या इंटरफेसच्या आयपीवर तुम्ही एसएसएच केलंय, त्याचाच आयपी बदलला. नवीन आयपी टाकला की जुना गेला, आणि त्याच्याबरोबर तुमचं सेशनही. किंवा अपलिंकवर "शट" केलं आणि लगेच "नो शट" करू म्हणालात. नो शट पोहोचणार कुठून?

पण याच स्वभावाचा एक फायदाही आहे. तुम्ही केलेला बदल रनिंग कॉन्फिगमध्ये असतो. "राइट मेमरी" करेपर्यंत तो स्टार्टअप कॉन्फिगमध्ये जात नाही. म्हणजे स्विच बंद करून चालू केला की जुनं कॉन्फिग परत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपण कुठल्या फांदीवर बसलोय?

बदल करायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: मी या स्विचवर कुठल्या पोर्टमधून आलोय? आश्चर्य वाटेल, पण बरेच जण हे न बघताच कामाला लागतात.

बघायला दोन मिनिटं लागतात. स्विचचा डिफॉल्ट गेटवे कोणता ते बघा. "शो आयपी एआरपी" करून त्या गेटवेचा मॅक ॲड्रेस घ्या. मग "शो मॅक ॲड्रेस-टेबल" मध्ये तो मॅक कुठल्या पोर्टवर शिकलाय ते बघा. तोच तुमचा रस्ता. समजा गिगाबिट १/०/२४ आला, तर ती तुमची फांदी. ती सोडून दुसरीकडे कुठेही कुऱ्हाड चालवताना जोखीम कमी असते. त्या फांदीवर काम असेल तर मात्र पुढचं सगळं लागू.

नावातले आकडेही नीट वाचा. कॅटलिस्टच्या स्टॅकमध्ये १/०/२४ म्हणजे पहिल्या स्विचचा, शून्य क्रमांकाच्या मॉड्यूलवरचा, चोविसावा पोर्ट. २/०/२४ म्हणजे त्याच्याखालच्या दुसऱ्याच डब्याचा. आणि "इंटरफेस रेंज १ ते २४" असं एका दमात लिहिताना त्यात अपलिंक येत नाही ना, हे बघा. डिस्क्रिप्शन लिहिलेलं असेल तर उत्तम, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. केबल हलवणारा माणूस डिस्क्रिप्शन बदलेलच असं नाही. "शो सीडीपी नेबर्स" किंवा "शो एलएलडीपी नेबर्स" करून समोर खरंच कोण आहे ते बघा.

ॲड नावाचा छोटा शब्द

आता एक खरा प्रसंग. पश्चिम महाराष्ट्रातला एक साखर कारखाना, नाव सांगत नाही. गळीत हंगाम ऐन भरात. ऊस घेऊन आलेले ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या वजनकाट्यावर येतात, वजन होतं, स्लिप निघते, मग गाडी आत जाते. काट्याजवळ एक छोटा स्विच, तिथून फायबरने सर्व्हर रूमपर्यंत ट्रंक. त्या ट्रंकवर तीन व्हीलॅन: १० ऑफिसचा, २० काट्याचा, ९९ मॅनेजमेंटचा.

ऊस उतरवायच्या यार्डात नवे कॅमेरे लागले. त्यांच्यासाठी व्हीलॅन ४०. कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीच्या मुलाने सर्व्हर रूममधून काट्याजवळच्या स्विचवर एसएसएच केलं आणि अपलिंकवर लिहिलं: "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०". एंटर. स्क्रीन गोठली.

झालं काय? ट्रंकवर आधीच १०, २०, ९९ अशी यादी होती. त्या यादीत भर घालायची तर "अलाउड व्हीलॅन ॲड ४०" असं लिहायला लागतं. ॲड न लिहिता ४० दिलं की जुनी यादी पुसली जाते आणि फक्त ४० राहतो. काट्याचा संगणक सर्व्हरपासून तुटला, आणि ९९ गेल्यामुळे त्या मुलाचा रस्ताही बंद. मजा म्हणजे कॅमेरे मात्र सुरू झाले. सर्व्हर रूममधल्या स्क्रीनवर काट्यासमोरची वाढत जाणारी रांग स्वच्छ दिसत होती. पोर्टचा लाइटही हिरवाच.

बाहेर रांगेत उभ्या माणसांसाठी ही नेटवर्कची तांत्रिक अडचण नसते हो. तोडलेला ऊस वाळत जातो तसं त्याचं वजन घटतं, आणि शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. शिवाय ड्रायव्हरची पुढची खेप.

मला फोन आला तेव्हा मी एकच विचारलं, "राइट मेमरी केलंय का?" नव्हतं केलं. सेशनच गेलं होतं, करणार कुठून? मग काट्यावरच्या ऑपरेटरला सांगितलं, स्विचची पॉवर काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा. स्विच बूट व्हायला काही मिनिटं गेली, जुनी यादी परत आली, काटा चालू. त्या दिवशी परतीची वाट योगायोगाने उघडी राहिली. आपल्याला ती ठरवून उघडी ठेवायचीय.

ठरवून ठेवलेली वाट

सगळ्यात जुनी आणि बहुतेक सगळीकडे चालणारी युक्ती म्हणजे "रीलोड इन १०". क्रम असा. आधी चालू कॉन्फिग ठीक आहे याची खात्री करून राइट मेमरी. मग रीलोड इन १०. "शो रीलोड" करून वेळ लागलीय ना ते बघा. मग बदल करा. सगळं नीट असेल तर "रीलोड कॅन्सल", आणि त्यानंतरच पुन्हा राइट मेमरी. सेशन तुटलंच, तर दहा मिनिटांत स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या जागी येतो. मधेच राइट मेमरी केलं तर ही वाट आपणच बुजवली.

याची किंमतही सांगतो. रीलोड म्हणजे अख्खा स्विच खाली. स्टॅक असेल तर अख्खा स्टॅक. त्याच्या पॉवरवर चालणारे फोन, कॅमेरे, वायफायचे ॲक्सेस पॉइंट सगळे बंद पडून परत उठणार. म्हणून सोय असेल तिथे दुसरी पद्धत वापरा: "कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टाइमर १०". दहा मिनिटांत तुम्ही "कॉन्फिगर कन्फर्म" दिलं नाही, तर फक्त कॉन्फिग मागे जातं, स्विच चालूच राहतो. त्यासाठी आर्काइव्हचा पाथ आधी देऊन ठेवावा लागतो, आणि तुमच्या मॉडेलवर हे चालतं का ते टेबलावरच्या स्विचवर एकदा करून बघा.

जुनिपरवाल्यांना हे सुख पहिल्यापासून आहे. तिथे तुम्ही लिहिता ते आधी कच्च्या प्रतीत जातं, कमिट केल्यावरच लागू होतं. "कमिट कन्फर्म्ड" दिलं आणि दहा मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही, तर जुनं परत. अरिस्टामध्येही कॉन्फिगर सेशन आणि कमिट टायमर आहे. नावं वेगळी, विचार एकच.

आणि एक क्रम पाळा. लिंकच्या दोन्ही टोकांना बदल करायचा असेल, म्हणजे नेटिव्ह व्हीलॅन बदलायचाय किंवा दोन केबलांचं पोर्ट-चॅनल करायचंय, तर आधी लांबचं टोक, मग जवळचं. लांबचं बदललं की लिंक तुटेल, तुटू दे. जवळच्या टोकापर्यंत तुमचा हात पोहोचतोय. उलटं केलंत तर लांबचं टोक नदीपलीकडे राहतं आणि पूल आपणच पाडलेला असतो.

हिरवा लाइट पुरेसा नाही

टाइमर कॅन्सल करायच्या आधी काय तपासायचं? "अप, अप" दिसलं म्हणजे झालं, असं नाही. कारखान्यातला तो पोर्टही अप होताच.

ट्रंक असेल तर "शो इंटरफेसेस ट्रंक". त्यात एकाखाली एक याद्या येतात. कोणते व्हीलॅन अलाउड आहेत, त्यातले कोणते या स्विचवर खरंच अस्तित्वात आणि चालू आहेत, आणि शेवटी कोणते स्पॅनिंग ट्रीमध्ये फॉरवर्डिंग आहेत. बघायची ती शेवटची यादी. व्हीलॅन ४० अलाउड केला पण स्विचवर बनवलाच नसेल, तर तो पहिल्या यादीत दिसेल आणि पुढे गायब असेल.

दुसरं, स्पीड आणि डुप्लेक्स. एका टोकाला १०० आणि फुल असं हाताने बांधलेलं, दुसरं टोक ऑटोवर. ऑटोवालं टोक बोलणी करायला जातं, समोरून उत्तर येत नाही. स्पीड त्याला सिग्नलवरून कळतो, डुप्लेक्स कळत नाही, मग ते नियमाप्रमाणे हाफ धरतं. लिंक अप, पिंग चालू, आणि मोठी फाइल पाठवली की रडारड. "शो इंटरफेसेस स्टेटस" मध्ये "ए-हाफ" दिसलं की संशय घ्या. हाफच्या बाजूला लेट कोलिजन वाढतात, फुलच्या बाजूला सीआरसी एरर. क्लिअर काउंटर्स करा, थोडा खरा ट्रॅफिक जाऊ द्या, मग आकडे बघा.

तिसरी तपासणी माणसाची. तिथल्या ऑपरेटरला फोन करा: "एक स्लिप काढून बघा हो." स्लिप निघाली की मगच रीलोड कॅन्सल.

वाट त्याच पुलावरून नको

हे फक्त लहान ठिकाणांचं दुखणं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला, आपल्याकडे रात्री नऊनंतर, फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं बंद पडलं आणि जवळपास सहा तास बंद राहिलं. कंपनीनेच दुसऱ्या दिवशी लिहिलं, की नेहमीच्या देखभालीत बॅकबोनची क्षमता तपासायला एक कमांड दिली गेली आणि तिने सगळा बॅकबोनच खाली आणला. अशी कमांड अडवणारं ऑडिट टूल होतं, त्यातल्या बगमुळे त्याने ती अडवली नाही. नेटवर्कपर्यंत पोहोचायची नेहमीची वाट गेली, पर्यायी वाटही गेली, आणि शेवटी इंजिनिअरना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावं लागलं.

आपल्यासाठी यातला धडा छोटा आहे. पर्यायी वाट मुख्य वाटेवर अवलंबून नको. लहान साइटवर एक ४जी राउटर आणि त्याला जोडलेली कन्सोल केबल पुरते. तेही परवडत नसेल तर साइटवरच्या एका माणसाचा मोबाइल नंबर, स्विचवर चिकटवलेलं ठळक लेबल, आणि कपाटात ठेवलेली कन्सोल केबल. पण तो माणूस त्या वेळी तिथे आहे ना, हे काम सुरू करायच्या आधी विचारा, नंतर नाही.

तर आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या वेळी लांबच्या स्विचवर शिराल तेव्हा पहिली कमांड द्यायच्या आधी एका कागदावर तीन ओळी लिहा: मी कुठल्या पोर्टमधून आलोय, सेशन तुटलं तर काय आपोआप मागे जाईल, आणि काम झालं हे तिथला कोण माणूस सांगेल. तिन्ही ओळी भरल्या असतील तर खुशाल एंटर दाबा. एखादी रिकामी असेल तर चहा घेऊन या, आणि ती आधी भरा.

पुढच्या भागात पोर्ट-चॅनल, आणि एलएसीपी का वापरायचं ते. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.