अठरा वर्षे पूर्ण झाली. पुढे राहावयाचे कोठे?



निराधार बालकांच्या संगोपनाची परंपरा आपल्या राज्यात जुनी आहे. मुंबई इलाख्यात १९२४ साली बालकांविषयीचा कायदा झाला, १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून बालगृहे उभी राहिली. मूल उघड्यावर राहता कामा नये, हे तत्त्व त्यामुळे येथे कोणास पटवून देण्याचे कारण नाही. आज मला बोलावयाचे आहे ते कायद्याच्या दृष्टीने जे आता मूल राहिलेले नाही, त्याच्याविषयी.

बालगृहातील वास्तव्य वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत असते. ही तारीख ठरते कशावरून? प्रामुख्याने शाळेच्या दाखल्यावरून. शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून या जन्मतारखेची गर्दी किती असते, हे शिक्षकांना मी सांगावयास नको. खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजींनी १ जून लिहावी, ही आपली जुनी रीत. घरच्या मुलाचे त्याने फारसे बिघडत नाही. बालगृहातील मुलाचे मात्र छप्परच त्या नोंदीवर अवलंबून असते. बारावीचा निकाल हाती येतो न येतो तोच जून उजाडतो. महाविद्यालयाचा प्रवेश व्हावयाचा असतो, वसतिगृहाची यादी लागावयाची असते आणि इकडे बालगृहातील मुदत संपलेली असते. मधले दोन-तीन महिने त्याने कोठे काढावयाचे? उशिरा शाळेत आलेल्या मुलाची स्थिती तर याहून बिकट. त्याला दहावीच्या वर्गातच अठरावे वर्ष गाठते.

या पोकळीचा विचार शासनाने केलेला नाही, असे मात्र नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये, संस्था सोडणाऱ्या तरुणास समाजात स्थिर होण्यासाठी आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. त्याखालील आदर्श नियमांत सहा ते आठ जणांनी एकत्र राहावे अशी तात्पुरती सामूहिक निवास व्यवस्था, धंदेशिक्षण, विद्यावेतन व व्यवसायासाठी कर्ज यांचा उल्लेख आहे. यालाच आपण अनुरक्षण म्हणतो. २०२२ च्या मिशन वात्सल्य मार्गदर्शक सूचनांनुसार अशा तरुणास दरमहा ४,००० रुपये साहाय्य, सामान्यतः एकविसाव्या व विशेष परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत, देता येते. शिवाय राज्य शासनाने २०१८ साली शिक्षणात व शासकीय नोकरीत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले. त्यासाठी महिला व बालविकास विभागाकडील अनाथ प्रमाणपत्र लागते.

तरतूद आहे; पण ती मागावी लागते, आणि मागणारा अठरा वर्षांचा, पाठीशी कोणी नसलेला तरुण असतो. कलम ४६ मधील शब्दरचना साहाय्य 'देता येईल' अशी आहे, याचाही विसर पडू नये. म्हणून प्रस्ताव वेळेवर तयार होणे हीच खरी निकड आहे. मुलगा संस्थेतून बाहेर पडण्यापूर्वी त्याच्या पुढील वास्तव्याचा आराखडा व्हावा, असा नियमांचा आशय आहे. माझ्या मते हे काम सतराव्या वर्षीच सुरू झाले पाहिजे. आधार, बँक खाते, अधिवासाचा दाखला आणि अनाथ प्रमाणपत्र ही कागदपत्रे संस्थेच्या पत्त्यावर असतानाच मिळवणे सोपे असते. पत्ता गेला की प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न पत्त्याचाच येतो. मुलींच्या बाबतीत तर एक दिवसाचीही पोकळी राहू देणे धोक्याचे आहे.

आता ग्रामपंचायत सदस्यांसाठी थोडे. बालगृहातील सर्वच मुले अनाथ नसतात. कित्येकांचे गाव असते, भाऊबंद असतात, क्वचित वडिलांच्या नावची जमीन वा घरही असते. मग असा मुलगा बेघर कसा ठरतो? वडील वारले, आई दुसरीकडे गेली, चुलते घरात राहू लागले आणि वारस नोंदीत मुलाचे नाव घालावयाचे राहून गेले, किंवा कोणी घालू दिले नाही. गावास हे माहीत असते. बोलत कोणी नाही.

ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्षपद सरपंचांकडे असते. गावातील जी मुले संस्थांत दाखल आहेत, त्यांच्या घराची नोंद नमुना ८ मध्ये कोणाच्या नावे आहे, सातबाऱ्यावर त्यांचे नाव आले आहे काय, एवढे पाहणे समितीच्या आवाक्यातील आहे. अज्ञान वारसाच्या नावापुढे 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा असतो. मुलगा सज्ञान झाल्यावर वयाच्या पुराव्यासह तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज करून तो शेरा कमी करून घ्यावा लागतो. हा अर्ज त्याला कोणी सांगितल्याशिवाय सुचणार नाही. नाव मुळातच नसेल, तर वारस नोंदीचा अर्ज करता येतो आणि वाद निघाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. आपापल्या गावातील अशा मुलांची माहिती समितीच्या पुढील बैठकीत घ्यावी आणि ती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी कळवावी, अशी माझी विनंती आहे.