हिवाळ्यांतलें तळें

सशाला निळा कोट आणि बदकिणीला शाल पांघरून जगभरच्या मुलांच्या घरांत आणून बसविणाऱ्या बीट्रिक्स पॉटर यांचें एक चित्र असें आहे कीं, त्यांत ससा नाहीं, बदक नाहीं आणि गोष्टहि नाहीं. एक तळें आहे, पलीकडे टेकड्या आहेत आणि सरत्या वर्षाचा मंद उजेड आहे. उत्तर इंग्लंडांत सरोवरांचा जो प्रसिद्ध प्रदेश आहे, तेथें विंडरमियर आणि कॉनिस्टन या दोन मोठ्या सरोवरांच्या मध्यें एस्थवेट वॉटर नांवाचा लहानसा जलाशय आहे. पॉटरबाईंनीं त्याचें हें जलरंगांतील चित्र काढलें २१ नोव्हेंबर १९०९ रोजीं. आज तें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच्या संग्रहांत आहे.

हा दिनांक सहज सोडून देण्याजोगा नाहीं. आपल्याकडे मार्गशीर्षांतली थंडी म्हणजे निरभ्र आकाश आणि कोवळें ऊन. तिकडे नोव्हेंबर संपतां संपतां दुपारीं चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, आणि दिवसाहि आभाळ बहुधा खालीं उतरलेलें असतें. अशा दमट हवेंत पाण्याचा रंग लवकर वाळत नाहीं. एका हातावर दुसरा हात द्यावयाचा तर वाट पाहत बसावें लागतें. चित्रकारांनीं तेथें जावें तें उन्हाळ्यांत, हा सर्वमान्य रिवाज. मग लंडनच्या सधन घराण्यांतील ही त्रेचाळीस वर्षांची अविवाहित कन्या नोव्हेंबरच्या त्या रविवारीं तेथें कशी?

तिच्या घरच्यांनाहि हा प्रदेश उन्हाळ्यापुरताच माहीत होता. १८६६ सालीं जन्मलेल्या बीट्रिक्स यांना शाळेंत घातलेंच नाहीं. शिक्षण झालें तें घरीं, शिक्षिकांच्या हाताखालीं. दरसाल उन्हाळ्यांत वडील मोठें घर भाड्यानें घेत आणि सारें कुटुंब, नोकरचाकर व सामानसुमान तिकडे हलत असे. प्रथम स्कॉटलंड, पुढें १८८२ पासून सरोवरांचा प्रदेश. १८९६ सालीं मुक्काम पडला तो सॉरे गांवीं, याच एस्थवेटच्या कांठावर. पण ऋतु पालटला कीं, बिऱ्हाड परत लंडनला. हिवाळ्यांतलें तळें पाहण्याचा अधिकार तेथें घर असणाऱ्यांचा. पाहुण्यांच्या वांट्याला तें येत नसे.

तें घर त्यांना मिळालें तें मोठ्या दुःखाच्या वर्षांत. १९०५ च्या जुलैंत त्यांच्या प्रकाशक घराण्यांतील नॉर्मन वॉर्न यांनीं त्यांना मागणी घातली. आईवडिलांना हें स्थळ धंदेवाईक, म्हणून कमी प्रतीचें वाटलें. बाईंनीं मात्र होकार दिला. महिन्याभरांतच, २५ ऑगस्टला, वॉर्न वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस बाईंनीं सॉरेंतील हिल टॉप हें शेतघर स्वतःच्या नांवें घेतलें. पैसा होता तो पुस्तकांचा, आणि कांहीं एका आत्मीयाकडून वारशानें आलेला. तेथें कायमचें राहणें मात्र शक्य नव्हतें. वृद्ध आईवडिलांची देखभाल हें अविवाहित मुलीचें कर्तव्य, आणि तें लंडनमध्यें. चार दिवस चोरून काढावे, गाडी पकडून उत्तरेस यावें, गुरें, भिंती, बाग पाहावी आणि परत जावें, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. अशाच उसन्या दिवसांतला हा एक दिवस कागदावर उतरला आहे.

शुद्ध जलरंगांत पांढरा रंग म्हणजे कागदच. जेथें प्रकाश हवा तेथें हात आवरावयाचा. एकदां झांकलेला कागद पुन्हां पूर्वीसारखा उजळत नाहीं. पानगळ झालेल्या ऋतूंत तर झाडांच्या हिरवाईचा आडोसाहि उरत नाहीं; टेकडीची रेघ चुकली तर ती उघडी पडते. बाईंचा हात तयार झाला होता तो अगदीं निराळ्या कामावर. अळंब्यांचीं शेंकडों चित्रें त्यांनीं शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणानें काढलीं होतीं. त्यांच्या बीजकणांविषयींचा त्यांचा निबंध १८९७ सालीं लिनियन सोसायटींत मांडला गेला, पण स्त्रियांना तेथें मज्जाव असल्यामुळें लेखिकेला सभेस जातां आलें नाहीं. छत्रीखालच्या पापुद्र्यांकडे भिंगांतून पाहणाऱ्या दृष्टीला तळ्यासमोर नेमकें उलट करावें लागतें: पुष्कळ कांहीं न काढतां सोडून द्यावें लागतें. बाईंना तें साधलें, ही लहान गोष्ट नव्हे.

मुलांच्या पुस्तकांत हेंच पाणी मागें उभें असतें. १९०६ च्या पुस्तकांतील जेरेमी फिशर नांवाचा बेडूक कमळाच्या पानाची होडी करून मासे धरावयास निघतो, तेव्हां बालवाचकाचें लक्ष त्याच्या गळाकडे असतें. तरी त्या बेडकावर विश्वास बसतो तो भोंवतालचें गवत, पाऊस आणि पाणी खरें असल्यामुळें. केवळ कोट घालून प्राण्याला माणूस करणारे चित्रकार पुष्कळ झाले. त्यांचे प्राणी कोठेंच राहत नाहींत. पॉटरबाईंचे राहतात.

१९०९ सालींच त्यांनीं सॉरेंत कॅसल फार्म हें दुसरें शेत घेतलें. त्या व्यवहारांत साह्य करणारे हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस यांच्याशीं १९१३ सालीं, सत्तेचाळिसाव्या वर्षीं, घरच्यांच्या नाराजीला न जुमानतां त्यांनीं विवाह केला. आणि मग सगळे ऋतु त्यांचे झाले. पुस्तकें हळूहळू कमी झालीं, हर्डविक जातीच्या मेंढ्या वाढल्या. टेकड्यांवर बंगले उठूं नयेत म्हणून त्या शेतें विकत घेत राहिल्या, आणि चार हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेला ठेवली. २२ डिसेंबर १९४३ रोजीं, ऐन हिवाळ्यांत, सॉरे येथेंच त्या वारल्या. त्यांची रक्षा त्यांच्या मेंढपाळानें गांवावरच्या टेकडीवर विखुरली. ती जागा कोणती, हें त्यांच्याच इच्छेनें गुप्त राहिलें.