वळिवडे ते गांधीनगर : आश्रयाकडून पुनर्वसनाकडे

(इचलकरंजी येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इचलकरंजीस परगावच्या माणसाचे अप्रूप नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला. त्या धंद्याच्या वाढीबरोबर शेजारच्या कर्नाटकातून, पुढे उत्तर प्रदेश व बिहारमधूनही कामगार आले. ते भारताचे नागरिक आहेत. देशात कोठेही राहण्याचा त्यांचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात नमूद आहे. परंतु घरदार गमावून सीमेपलीकडून येणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी खर्च कोणी करावयाचा, किती काळ आणि कशासाठी? या प्रश्नाच्या उत्तरासाठी दूर जावयास नको. करवीर तालुक्यातील वळिवडे येथे एकाच छावणीने दोन निर्वासित समाज पाहिले आहेत.

१९४० व १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सोव्हिएत राजवटीने सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या जुलैमधील करारानंतर त्यांच्यापैकी अनेकांची सुटका झाली व काही जण इराणमार्गे भारतात पोहोचले. १९४३ पासून वळिवड्यास सुमारे ५,००० पोलिश नागरिकांची वसाहत उभी राहिली. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. शाळा, रुग्णालय, प्रार्थनामंदिर अशी सर्व व्यवस्था तेथे झाली. त्यांच्या निर्वाहाचा भार मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारने उचलला होता. १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि वसाहतीचा आधारच डळमळला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाने हा भार स्वीकारला. तथापि अन्न व निवारा मिळाला तरी ‘पुढे कोठे जावयाचे’ हा प्रश्न पैशाने सुटत नव्हता. १९४८ पर्यंत ही मंडळी जगाच्या निरनिराळ्या देशांत पांगली.

त्याच जागी फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली आणि आजचे गांधीनगर वसले. येथे शासनाच्या खर्चाचे स्वरूप वेगळे होते. संविधानाच्या ६ व्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाचा निर्णय स्पष्ट केला : १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे राहिलेल्यांना एक नियम, त्यानंतर येणाऱ्यांना नोंदणीची अट. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पुनर्वसन वित्त प्रशासनाने विस्थापितांस धंद्यासाठी कर्जे देण्याची सोय केली. १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन अधिनियमानुसार, मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे पडताळून भरपाई देण्यात आली. या व्यवस्थेत उणीव नव्हती असे नाही. ज्याची मागे मालमत्ताच नव्हती, त्याला दाव्याचा लाभ कोठून मिळणार? तरीही नागरिकत्व, भांडवल व स्वतःचे कष्ट यांच्या संयोगातून छावणीची बाजारपेठ झाली. आज गांधीनगर घाऊक कापड व्यापारासाठी प्रसिद्ध आहे.

दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मदतीचा पैसा माणसास जगवितो. परंतु कायद्याने निश्चित झालेले स्थान आणि हाताला काम मिळाल्यावाचून पुनर्वसन पुरे होत नाही. मोठा प्रसंग आला की हा खर्च सामान्य माणसापर्यंतही पोहोचतो. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी निर्वासित आले, तेव्हा १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावावे लागत असे. परक्याच्या दुःखाचा वाटा अशा रीतीने गावोगावच्या लोकांनी उचलला.

अनधिकृतपणे येणाऱ्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात भारत सहभागी नाही. परकीय नागरिकांविषयीचे जुने कायदे एकत्र करून २०२५ मध्ये नवा अधिनियम करण्यात आला आहे. परकीय कोण, हे ठरविण्याचे काम त्या कायद्याखालील अधिकाऱ्यांचे आहे. ग्रामपंचायतीचे अथवा मुख्याध्यापकांचे नाही. पंचायतीचे कर्तव्य एवढेच, की कोणताही दाखला दयेपोटी खोटा देऊ नये, आणि केवळ बोली किंवा पेहराव वेगळा म्हणून खरा दाखला अडवूही नये. पहिल्या चुकीने कायद्याचा भंग होतो. दुसरीने आपल्याच देशाचा कामगार उपरा ठरतो.

शिक्षकांची जबाबदारी याहून सोपी व अधिक मोलाची आहे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही. मागावर काम करणाऱ्याचे मूल वर्षाच्या मध्यात आले, तरी त्याचे नाव पटावर चढले पाहिजे.

नव्या वस्तीस पाणी, शौचकूप व लसीकरण यांचा प्रथम भार गावावरच पडतो. म्हणून वस्ती वाढू लागताच तिची प्रामाणिक मोजणी करून ती तालुका व जिल्हा पातळीवर कळविणे अगत्याचे आहे. ज्यांची नोंद नाही, त्यांच्यासाठी तरतूद होत नाही. आलेला माणूस मोजला गेला, तरच त्याच्या वाट्याचे पाणी शेजाऱ्याच्या घागरीतून जाणार नाही.