कोठीची किल्ली आणि घरचा संगणक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



बैठक संपून चपला घालता घालता पुष्कळ जणी मला एकच प्रश्न विचारतात. घरात संगणक एक आणि मुले तीन, त्याचे करावे काय? त्याचे उत्तर आज सर्वांसमोर देते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास पडद्यावर आला. त्यानंतर किन्हवलीकडे काय किंवा धसईकडे काय, ज्याला जमले त्याने संगणक घेतला, बहुधा जुनाच. पण तो सताड उघडा राहिला. त्याच एका खात्यात मुलाचे खेळ, मुलीचा अभ्यास, शेताचा सातबारा आणि बँकेचा व्यवहार. मुरबाडकडे माझ्या माहेरी भाचीने आठ दिवस खपून शाळेचा प्रकल्प लिहिला होता. भावाने नव्या खेळाला जागा हवी म्हणून तो पुसून टाकला. पोरीने रात्र जागून पुन्हा लिहिला. भावाच्या मनात दुष्टावा नव्हता, पण दोघांच्या वस्तू एकाच फळीवर होत्या.

आपल्या सासवांच्या घरी धान्याची कोठी असे. धान्य सगळ्यांचे, पण किल्ली एकीच्या कमरेला. त्यामुळे घरात कोणी उपाशी राहत नसे आणि पेरणीचे बियाणेही शिल्लक राही. संगणकातही ही सोय जुनीच आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली एका यंत्रावर अनेकांनी काम करण्याची पद्धत दाखविण्यात आली. ज्याच्या त्याच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून तेथे पासवर्ड वापरात आला. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये तर 'मर्यादित खाते' असे नावच होते. आता त्याला स्टँडर्ड खाते म्हणतात.

रीत सोपी आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडावे. ॲडमिनिस्ट्रेटर खाते एकच ठेवावे. तीच आपली कोठीची किल्ली. बाकी प्रत्येकाला आपापल्या नावाचे स्टँडर्ड खाते द्यावे, आणि रोजच्या कामासाठी आपणही तसलेच वापरावे. मग सर्व संगणकाला लागू होणारे काही कोणी बसवू लागला, की यंत्र किल्लीवालीचा पासवर्ड मागते, आणि एकाला दुसऱ्याच्या फाइली उघडता येत नाहीत. मात्र एवढ्याने नको ती संकेतस्थळे बंद होत नाहीत, आणि काही लहान कार्यक्रम या कुलपातूनही निसटतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची फॅमिली सेफ्टी जोडावी. तीत कोणत्या वारी किती वेळ बसायचे ते ठरविता येते. संकेतस्थळांची तिची चाळणी एज या ब्राउझरमध्येच चालते, हे ध्यानात असू द्या. जुन्या संगणकात विंडोज १० असेल, तर तिचा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबला आहे, तेव्हा यंत्र पेलत असेल तर ११ घालावी. नाहीतर लिनक्स मोफत मिळते, आणि खाती त्यातही वेगवेगळी करता येतात.

कोणी म्हणेल, हा मुलांवर अविश्वास नाही का? मला तसे वाटत नाही. मुलगी भांडी घासून, पाणी भरून येते, तोवर भाऊ खुर्चीवर बसलेला असतो. त्याचा तास ठरलेला असला, की संगणकच त्याला उठवतो आणि तिची पाळी बुडत नाही. मर्यादा भावाला पडते, तेव्हा बहिणीला जागा मिळते. मात्र सात वर्षांच्या पोराची मर्यादा सतरा वर्षांच्या मुलीला लावू नये. काय लावले आहे ते मुलांना समोर बसवून सांगावे आणि चोरून त्यांचे काही वाचू नये. पडद्याआडून कोणी फोटो वा पैसे मागितले, तर मूल आधी आपल्याकडे धावत आले पाहिजे. खरे कुलूप तेच. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० वर आणि मुलावर संकट आल्यास १०९८ वर फोन करावा.

आता किल्ली कोणाकडे? पुष्कळ घरी ती दुकानातल्या मुलाकडे, नाहीतर 'त्याला कळते' म्हणून थोरल्या मुलाकडे असते. शहापूरचे पुरुष पहाटेची लोकल धरतात, मुरबाडचे कल्याणची एसटी. दिवसभर घर आपण पाहतो. बचत गटाचे हिशेब पैशापैशाने जुळविणाऱ्या बायकांना एक पासवर्ड जड नाही. तो भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहू नका. कागदावर लिहून कपाटात रेशनकार्डाजवळ ठेवा.

पुढच्या बैठकीनंतर ज्यांना हवे त्यांच्या घरी मी येईन. तास-दीड तास पुरेल. पण माऊसवर हात मात्र तुमचाच राहील.