न वाचता सही करू नये
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत अथवा संतवाङ्मय यांवर बोलावे, असा प्रघात आहे. कार्यकारिणीने मात्र आमच्यावर निराळाच विषय सोपविला. आपल्यापैकी अनेकांची मुले आज बिटकॉइनसारखे आभासी चलन बाळगतात. ते सुरक्षित कसे राखावे, हे आईवडिलांना उमजेल अशा भाषेत कोणी तरी सांगावे, अशी त्यांची इच्छा. आम्ही केंद्र सरकारचे नोकर, पदवी बी. ए.ची, तंत्रज्ञ नव्हे. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर आम्ही येथे उभे आहोत.

आरंभीच एक खुलासा करतो. हे चलन घ्यावे, असे आम्ही कोणास सुचवीत नाही. भारतात त्यास कायदेशीर चलनाचा दर्जा नाही. २०२२ च्या वित्त कायद्याने त्यावरील नफ्यास ३० टक्के कर लावला आहे. आणि त्याचा भाव केव्हा चढेल व केव्हा कोसळेल, याचा नेम नाही. ज्याने ते घेतलेच आहे त्याने ते सांभाळावे कसे, एवढाच आजचा विषय.

बिटकॉइनचा व्यवहार जानेवारी २००९ मध्ये सुरू झाला. हे नाणे कोणाच्या खिशात नसते आणि कोणत्याही यंत्रातही नसते. जगभरच्या असंख्य संगणकांवर एकच खातेवही ठेवलेली असते. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम आहे, याची नोंद तीत असते. ती रक्कम हलविण्याचा अधिकार ज्याच्यापाशी गुप्त किल्ली असेल त्याचा. किल्ली म्हणजे वस्तुतः एक प्रचंड आकडा. पण तिचे काम सही-शिक्क्याचे. ज्याच्या हाती शिक्का, त्याचा हुकूम चालतो. हुकूम एकदा सुटला, की तो परत घेता येत नाही. येथे बँकेचा व्यवस्थापक नाही, की अपील नाही.

बहुतेक लोक आपला शिक्का खरेदी-विक्रीच्या बाजारपेठेच्या, म्हणजे एक्स्चेंजच्या, हवाली करतात. टोकियोचे माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ साली बुडाले, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. त्यांतील दोन लाख पुढे सापडले. कॅनडाच्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा चालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपुरात वारला, आणि किल्ल्या त्याच्या एकट्यापाशीच होत्या, असे ठेवीदारांना सांगण्यात आले. २०२० साली ऑन्टारिओच्या रोखे नियामकांनी चौकशीअंती निष्कर्ष काढला, की बहुतांश पैसा त्याच्या अफरातफरीतच आधी गेलेला होता.

मग किल्ली स्वतःजवळ ठेवावी, पण कोठे? संगणक आणि मोबाइल ही तर चव्हाट्यावरची घरे. तेथे चोरटी आज्ञावली केव्हा शिरेल, सांगवत नाही. यास्तव हार्डवेअर वॉलेट नावाचे तळहाताएवढे उपकरण निघाले. प्राग शहरातील सातोशीलॅब्सने २०१४ साली ‘ट्रेझर’ बाजारात आणले. चेक भाषेत या शब्दाचा अर्थच तिजोरी. पॅरिसच्या लेजर कंपनीची उपकरणेही प्रसिद्ध आहेत. उपकरणाच्या जोडीला संगणकावर चालणारी आज्ञावली असते. ट्रेझरची ‘ट्रेझर सूट’ म्हणून ओळखली जाते.

या जोडीचे कामकाज कचेरीत जन्म गेलेल्या माणसास सहज कळते. आज्ञावली म्हणजे कारकून. शिल्लक किती ते तो सांगतो, कोणास किती पाठवावयाचे याचा मसुदा करतो, फाइल सहीसाठी आत पाठवितो आणि सही झालेला कागद रवाना करतो. उपकरण म्हणजे आतल्या खोलीतील अधिकारी. शिक्का त्याच्या कपाटात असतो. सही तेथेच होते आणि शिक्का खोलीबाहेर कधीही जात नाही. कारकून फितूर झाला तरी शिक्का त्याच्या हाती लागत नाही.

मात्र मसुदा तो बदलू शकतो! संगणकात शिरलेली चोरटी आज्ञावली पैसे घेणाराचा पत्ता गुपचूप बदलून स्वतःचा घालते. म्हणून उपकरणाला स्वतःचा लहानसा पडदा दिलेला आहे. त्यावरील पत्ता व रक्कम अक्षरशः ताडून पाहावी, मगच बटण दाबावे. न वाचता सही करणाऱ्या अधिकाऱ्यास कोणतीही तिजोरी वाचवू शकत नाही.

आता चोवीस शब्दांविषयी. उपकरण प्रथम सुरू करताना ते शब्दांच्या ठरीव यादीतून १२, २० किंवा २४ शब्द निवडून देते. साऱ्या किल्ल्या या शब्दांतूनच उत्पन्न होतात. उपकरण हरवले अथवा मोडले, तर नव्या उपकरणात तेच शब्द त्याच क्रमाने भरावेत. रक्कम जशीच्या तशी हाती येते. तद्वत हे शब्द चोरास मिळाले, तर त्यास उपकरणाची गरजच उरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दुकानात लेजरच्या नावाची बनावट आज्ञावली शिरली होती. तीत शब्द भरणारांचे चलन गेले. २०२० साली लेजरच्या ग्राहकांची नावे व पत्ते चोरीस गेले, आणि पुढे काहींच्या घरी टपालाने बनावट उपकरणेसुद्धा आली. नियम सोपा आहे : जो कोणी हे शब्द मागेल तो चोर समजावा, मग तो कंपनीचा प्रतिनिधी म्हणवीत का असेना. उपकरण उत्पादकाकडूनच घ्यावे; डब्यात शब्द आधीच लिहून आले असतील, तर ती फसवणूक होय.

आता आमची चूक. नोकरीनिमित्त बेंगळुरूस असलेल्या आमच्या मुलाने एक बंद पाकीट आमच्या स्वाधीन केले. “बाबा, कागदपत्रांच्या ट्रंकेत ठेवा, उघडू मात्र नका,” एवढेच तो म्हणाला. काही महिन्यांत बदलीचा हुकूम आला. आपणां बदलीवाल्यांना ठाऊकच आहे, सामान बांधताना एखादा कागद कायमचा हरवतो. त्या धास्तीने आम्ही पाकीट उघडले, मोबाइलवर छायाचित्र घेतले आणि ते सुरक्षित राहावे म्हणून स्वतःलाच ई-मेलने पाठविले! रात्री मोठ्या समाधानाने मुलास तसे कळविले. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हळूच म्हणाला, “बाबा, आता ते शब्द आपल्यापुरते राहिले नाहीत.” त्याच रात्री त्याने दुसऱ्या उपकरणावर नवे शब्द निर्माण करून सारी रक्कम नव्या पत्त्यांवर हलविली. नुकसान झाले नाही. पण पहाटेपर्यंत आम्ही उभयता जागे होतो; आणि तीस वर्षे गोपनीय फायली सांभाळल्याचा आमचा अभिमान त्या रात्री उतरला.

त्या वेळी आमच्या सौभाग्यवतींनी विचारलेला प्रश्न मात्र अधिक खोल होता. “उद्या त्याचे काही बरेवाईट झाले, तर हे त्याच्या बायकोला कसे कळायचे?” बँकेच्या खात्यास वारसाचे नाव लावता येते, या खातेवहीस तशी सोय नाही. शब्द गेले, की धन आहे तेथेच राहते आणि कोणाचेच नसते.

म्हणून आमच्या घरी आता पुढील व्यवस्था आहे. शब्द हाताने लिहून दोन निरनिराळ्या शहरांत, मोहोरबंद ठेवले आहेत. त्यांचे छायाचित्र कोठेही नाही. उपकरणाचा पिन वेगळ्या जागी आहे. मुलाने आपल्या पत्नीच्या नावे साध्या मराठीत एक पत्र लिहिले आहे : काय आहे, कोठे आहे, कोणाचा सल्ला घ्यावा. शब्द त्या पत्रात नाहीत. मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी त्याने थोडक्या रकमेवर उपकरण कोरे करून, शब्द भरून, ती परत मिळते याची खात्री करून घेतली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सूनबाई स्वतः पाकिटांची मोहोर शाबूत आहे की नाही, हे पाहते अथवा फोनवरून विचारून घेते.

पूर्वी घरातील वडीलधारी स्त्री किल्ल्यांचा जुडगा कमरेस बाळगी, आणि तिच्यामागे तो कोणाकडे जावयाचा हे साऱ्या घरास ठाऊक असे. घरापासून दूर राहणाऱ्या आपणां कुटुंबांना तो जुडगा दिसेनासा झाला आहे. आज घरी गेल्यावर मुलांना शब्द विचारू नका. पाकीट कोठे आहे आणि ते कोणास ठाऊक आहे, एवढेच विचारा.